स्वरालीचा रक्तांक

सारिका मुळीक हिने आयुष्यात एकच चोरी केली, आणि ती इतक्या सफाईने केली की त्याच वर्षी तिला सरकारी प्रशस्तिपत्रक मिळालं. 'एकही नमुना वाया न घालवणारी रक्तसेविका' असं त्यावर लिहिलं होतं. विट्याच्या सभागृहात टाळ्या वाजल्या, तेव्हा ती मान खाली घालून उभी होती. लोकांना वाटलं, बाई विनयशील आहे.

रक्तसेविका हे पद तेव्हा नवंच निघालं होतं. घरोघर जायचं, प्रत्येकाची थुंकी एका बारक्या नळीत घ्यायची, नळीवर पट्टी चिकटवायची आणि संध्याकाळच्या गाडीने पेटी पाठवायची. आठवड्याने ज्याच्या त्याच्या फोनवर एक आकडा यायचा, शून्य ते शंभरच्या मधला. तो त्याचा रक्तांक.

जखम झाली की रक्त गोठतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते किती झटकन गोठतं, हे मात्र माणसागणिक वेगळं. रक्तात डझनभर घटक असतात. पहिल्याने दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळ्यांनी मिळून शेवटी धाग्यांचं जाळं विणून जखमेचं तोंड बंद करायचं. कुठला घटक किती बनायचा आणि काम झाल्यावर त्याला ब्रेक लागायचा की नाही, हे आईबापांकडून आलेल्या जनुकांमध्ये ठरलेलं असतं. ज्यांच्यात हे घटक जास्त आणि ब्रेक सैल, त्यांचं बोट कापलं तरी दोन थेंबांत थांबतं. पण तेच रक्त चाळिशीत हृदयाच्या धमनीला आतून गेलेल्या एखाद्या बारीक चिरेवरही तितक्याच तत्परतेने जाळं विणतं, आणि चांगला चालताबोलता माणूस जागच्या जागी जातो. याउलट दाढ काढली की दिवसभर कापूस चावत बसणारी माणसं असतात. त्यांचं हृदय बहुतेक वेळा त्यांना शेवटपर्यंत साथ देतं.

डॉक्टरांना हे पूर्वीपासून अर्धंमुर्धं माहीत होतं. नवं एवढंच झालं की शेकडो जनुकांचा मेळ घालून एकच आकडा काढणारं यंत्र तयार झालं. सत्तरच्या वर अंक आला की सरकार रक्त पातळ ठेवणारी गोळी घरपोच द्यायचं. चार वर्षांत झटक्याने मरणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. इतकी चांगली गोष्ट आपल्याकडे क्वचित घडते, म्हणून ते आधी मान्य करायला हवं. पण कुठलाही आकडा हातात पडला की आपण तो सगळ्यांत आधी लग्नाला लावतो. दोन वर्षांच्या आत मुलामुलींच्या माहितीपत्रकात उंची, शिक्षण आणि मामेकुळाच्या खाली रक्तांकाची ओळ आली. तीसच्या आत असेल तर ठळक अक्षरात, सत्तरच्या वर असेल तर 'समक्ष बोलू'.

सारिकाचा नवरा संभाजी हा आकडा निघायच्या कितीतरी आधी गेला. वय एक्केचाळीस. तासगावहून मोटरसायकलवर येत होता. सरळ रस्ता, भर दुपार, समोर कुणी नाही. छातीत कळ आली तशी त्याने गाडी कडेला घेतली आणि घेता घेता पडला. सकाळपासून जबडा दुखतोय म्हणत होता, सारिकाने त्याला लवंग दिली होती. त्याचा बाप आणि धाकटा भाऊसुद्धा पन्नाशी न बघता असेच गेले होते. स्वराली तेव्हा नऊ वर्षांची होती.

पुढे स्वरालीला साळुंख्यांचं स्थळ आलं. मूळ गाव विट्यापासून दोन कोसांवर, आणि सेलमला तीन पिढ्यांचं गलाईचं दुकान, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचा धंदा. मुलगा सुजित दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. स्वरालीला तो आवडला होता आणि तिने ते लपवलंही नाही. बैठकीत सुजितचे वडील हणमंतराव सुपारी कातरत म्हणाले, "आमचा धंदाच असा हाय ताई, टंच-कस बगितल्याबिगर आमी सोनं हातात घेत न्हाई. पोरीचा अंक तेवढा कळवा. आमच्या सुजितचा एकतीस हाय."

सारिका हसून म्हणाली, कळवते की. स्वरालीचा नमुना घ्यायचा राहिलाच होता, कारण तो काय येणार हे आईला न बघताच कळत होतं.

नुसत्या खोट्या आकड्याने भागणार नव्हतं. आकडा थेट यंत्रातून यायचा, आणि दोन नावांच्या नळ्यांत एकच थुंकी निघाली तर यंत्र ते पकडायचं. अदलाबदलच करायला हवी होती. आणि कुणाशी करायची, हे ज्या बाईला गावातल्या प्रत्येक घराचं दुखणंखुपणं तोंडपाठ, तिला शोधावं लागलं नाही. लोहारवाड्यातली दीपा स्वरालीच्याच वयाची, आई नसलेली. तिची पाळी आठ-आठ दिवस चालायची, आणि एकदा हाताला खिळा लागला तर सारिकानेच दीड तास बोळा दाबून धरला होता. तिच्या बापाला कोण रक्तांक विचारायला येतंय, असं सारिकाने स्वतःला समजावलं. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत तिने दोन नळ्यांवरच्या पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या. या कामाला अर्धं मिनिट लागलं.

स्वरालीचा अंक आला एकोणीस. दीपाचा आला अठ्ठ्याऐंशी.

लग्न थाटात झालं. दीपाच्या नावाने दरमहा गोळ्यांची पाकिटं केंद्रात सारिकाच्या हाती येऊ लागली. सारिका दीपाला सांगायची, तुला त्या सोसणार नाहीत, मी वर कळवलंय. आणि ती पाकिटं कॅल्शियमच्या बाटलीत भरून सेलमला पाठवायची, रोज एक घेत जा असं फोनवर बजावून. हा सगळा बंदोबस्त तिने एवढा चोख ठेवला होता की हळूहळू तिला त्यात काही वावगंच वाटेना. ज्या पोरीला गोळी हवी तिच्या पोटात ती जात होती, जिला नको तिच्या पोटात जात नव्हती. फक्त दीपाला दोन ठिकाणांहून नकार आला. दोन्ही वेळा सारिका तिच्या घरी गेली, तिच्या हातचा चहा प्यायली आणि नशिबाला बोल लावून परत आली.

स्वरालीला दिवस गेल्यावर गोळी बंद करावी लागली, कारण ती पोटातल्या बाळाला चालत नाही. अशा वेळी जाड रक्ताच्या बायकांना दुसरं इंजेक्शन देतात. पण एकोणीस अंकाच्या पोरीला ते कोण देणार? सारिकाने नऊ महिने श्वास रोखून काढले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात लेक घरी आली, तेव्हा आई रोज संध्याकाळी तिच्या पोटऱ्या दाबून सूज आहे का बघायची. स्वरालीला वाटायचं, आई लाड करतेय. एकदा म्हणालीही, "मम्मी, एवढं तू माझं लहानपणी पण केलं न्हाईस."

त्या दिवशी सकाळी अकराला बाळाचे ठोके मंदावले आणि विट्यातल्या खाजगी दवाखान्यात एकच धावपळ झाली. साळुंखे नवराबायको जत्रेसाठी गावी आलेलेच होते, ते अर्ध्या तासात हजर झाले. सुजितही जत्रेसाठीच पहाटे सेलमहून निघाला होता. डॉक्टर शेटे ही तिशीतली, भरभर बोलणारी बाई. पोट कापून बाळ काढायला हवं, आत्ताच, असं तिने सांगितलं. हातातल्या पडद्यावर स्वरालीची माहिती होती.

"हिचा अंक एकोणीस आहे," डॉक्टर म्हणाली. "म्हणजे रक्त सावकाश गोठणारं. कापल्यावर थांबायचं नाही, म्हणून आधी गोठवणाऱ्या घटकाचं इंजेक्शन देतोय. ताजी तपासणी करायची तर पाऊण तास लागेल, तेवढा वेळ बाळाकडे नाही. फक्त एक सांगा. घरात कुणाला हृदयाचा त्रास? हिचे वडील कशाने गेले?"

सारिकाच्या डाव्या हाताला विहीणबाई, सुजितची आई छायाबाई, उभ्या होत्या. छायाबाईंनी तिचा दंड धरला होता, आधार म्हणून. त्यांच्या पलीकडे हणमंतराव. आत स्वराली, स्ट्रेचरवर.

खरं उत्तर चार शब्दांचं होतं. सारिकाच्या जिभेवर ते आलंही. पण ते उच्चारलं की त्या चार शब्दांमागून सगळंच बाहेर येणार होतं. एकोणीस कुणाचा, अठ्ठ्याऐंशी कुणाचा, बाटलीत काय होतं. लेकीला पदरात पोर घेऊन परत यावं लागेल, आणि या गावात फसवून दिलेली म्हणून तिच्याकडे बोट दाखवतील. एक इंजेक्शन तर आहे, तिने मनाशी म्हटलं. तरणीताठी पोर आहे. एका इंजेक्शनाने काय होतंय?

"गाडीवरून पडून," ती म्हणाली.

छायाबाईंचा हात तिच्या दंडावर किंचित आवळला गेला. सारिकाला वाटलं, त्यांना आपली दया आली. डॉक्टर मान हलवून आत गेली आणि दार लागलं.

सव्वाबाराला मुलगी झाली. नर्सने दुपट्यात गुंडाळून आणून दाखवली, काळ्याभोर केसांची, चिडलेली. स्वरालीही ठीक होती. थोड्या वेळाने सगळ्यांना आत सोडलं, तेव्हा ती गुंगीतच हसली आणि हिचं नाक कुणाचं म्हणून विचारलं. सारिकाचा जीव भांड्यात पडला. हणमंतराव पेढे आणायला गेले. अगदी खरं सांगायचं तर त्या दोन तासांत सारिकाला आपल्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

दुपारी अडीचला स्वराली म्हणाली, जबडा दुखतोय.

सारिका पाण्याचा पेला ठेवून वळली. स्वराली डाव्या हाताने गाल धरून होती आणि तिच्या कपाळावर घाम होता, वर पंखा चालू असताना. सारिकाने बारा वर्षांपूर्वी हाच घाम बघितला होता आणि लवंग काढून दिली होती. ती किंचाळत बाहेर पळाली. नर्स आली, रक्तदाब घसरलेला. आत कुठेतरी रक्त जातंय, असंच त्यांना वाटलं. एकोणीस अंकाच्या बाईच्या बाबतीत दुसरं काय वाटणार? सारिका डॉक्टरला शोधायला जिन्यापर्यंत धावली. परत आली तेव्हा डॉक्टर खोलीत पोचली होती आणि गोठवणाऱ्या औषधाची दुसरी मात्रा सलाईनच्या नळीतून गेली होती.

मग ती बोलली. खोलीच्या दारात, विहीण आणि व्याही समोर असताना, मोठ्याने आणि सलग बोलली. "तो अंक हिचा न्हाई. मी नळ्या बदलल्या. हिचा अठ्ठ्याऐंशी हाय, लोहाराच्या दीपाच्या नावावर हाय तो. हिचा बा हार्टनं गेला, आजा गेला, चुलता गेला. काढा ते औषध, डॉक्टर, भाईर काढा."

डॉक्टर शेटेचा चेहरा पांढरा पडला. पण ती ओरडली नाही, तेवढा वेळच नव्हता. हृदयाचा आलेख काढला, त्यात सगळं दिसलं. बाळंतपणात बाईचं रक्त आधीच जास्त गोठणारं होतं. निसर्गाने तिच्या बचावासाठी केलेली ती सोय असते. त्यात अठ्ठ्याऐंशी अंकाचं घराणं, आणि त्यावर दोन इंजेक्शनं. हृदयाच्या मुख्य धमनीत गुठळी बसली होती. ती विरघळवणारं औषध होतं, शेजारच्या कपाटात होतं. पण गर्भाशय दोन तासांपूर्वीच कापून शिवलेलं असताना ते दिलं असतं तर टाका न टाका वाहायला लागला असता. एका बाजूने औषध न देता मरण, दुसऱ्या बाजूने देऊन. सांगलीला नेऊन तारेने गुठळी काढता आली असती. गाडी मागवली. स्वराली गाडीपर्यंत पोचली, आळसंदच्या फाट्यापर्यंत पोचली. तिथून गाडी परत फिरवली.

साडेचार वाजले होते. पेढ्यांचा पुडा बाकावर तसाच होता.

सारिका भिंतीला टेकून खाली बसली होती. आता विहीणबाई येतील, झिंज्या धरतील, तोंडावर थुंकतील, याची ती वाट बघत होती. तिला ते हवंच होतं. छायाबाई आल्या आणि तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

एवढ्यात डॉक्टर शेटे एक कागद घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन अंक काढायचा नियम आहे, तो कागद होता. बाळाचा अंक होता सत्त्याण्णव.

"मला एक समजत नाही," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "पाचव्या घटकाला ब्रेक लागत नाही, असा एक दोष असतो. आईकडून एक प्रत येते, वडिलांकडून एक. या बाळाच्या दोन्ही प्रतींत तो दोष आहे. आईकडून एक आला, ते आता कळलं. दुसरा कुठून आला? वडिलांच्या नोंदीत तो नाही."

हणमंतराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. छायाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"सुजितचाबी बदललेला हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्या आत्याच्या पोराचा लावलाय. खरा ब्याऐंशी."

सारिकाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. छायाबाई खाली बघूनच बोलत राहिल्या. खोटा एकतीस सांगून बसलोच होतो, तुमच्या पोरीचा एकोणीस कळल्यावर खरं सांगायची हिंमतच उरली नाही, म्हणाल्या. एवढ्या चांगल्या रक्ताची पोरगी ब्याऐंशीच्या घरात कोण देईल? गोळ्या सुजितलाही चालू होत्या, आवळा म्हणून. दोघं नवराबायको सकाळी एकाच पेल्यातल्या पाण्याने घ्यायचे. आपल्याला दोघांचंही कौतुक वाटायचं.

मग त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "आणि विहीणबाई, तुमचं मालक कशानं पडलं ते आमाला लगीन ठरायच्या आधीच म्हाईत हुतं. आमी चौकशी केली हुती. ह्यास्नी म्हणलं, बरंच झालं की, त्यांचंबी झाकंल, आपलंबी झाकंल. आज डॉक्टरनी विचारलं तवा मी तुमच्या बाजूलाच हुते. मला वाटलं, तुमी सांगाल. तुमी न्हाई सांगितलं, मग मीबी गप बसले."

दंडावर आवळलेला तो हात सारिकाला आता पुन्हा जाणवला. दोन आया, दोघींना उत्तर माहीत, आणि दोघी एकमेकींना घाबरून गप्प. खरं बोलल्या असत्या तर ते लग्नही झालं असतं, कारण नाकारायला कुणाला तोंडच नव्हतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलंच होतं. बाळंतपण झालं असतं आणि अठ्ठ्याऐंशी अंकाच्या बाईला जे द्यायचं ते दिलं असतं, न द्यायचं ते दिलं नसतं. स्वराली आत्ता आत बाळाला पाजत असती. सारिकाला रडू आलं ते इथे, आणि मग ते थांबेना.

सुजित कऱ्हाडपर्यंत पोचल्याचा फोन आला. त्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं. हणमंतरावांनी फोन ठेवला, इकडेतिकडे बघितलं, आणि सारिकाजवळ येऊन वाकले. सोन्याच्या व्यवहारात बोलतात तसे हळू आवाजात बोलले. बाळाचा अंक उद्या सकाळी कायमचा नोंदला जातो, तोवर पालकांना हरकत घेऊन दुसरा नमुना देता येतो, असं त्यांनी नर्सला विचारून ठेवलं होतं.

"जे झालं ते झालं, ताई. पण पोरगी हाय. सत्त्याण्णव अंक घिऊन ती जलमभर कुठं जाणार? तुमास्नी ह्यातलं जमतं. तेवढा बदलून द्या."

सारिकाने डोळे पुसले. या माणसाचा तिला राग यायला हवा होता. पण तीन वर्षांपूर्वी केंद्राच्या मागच्या खोलीत ती स्वतः नेमकं हेच म्हणत उभी होती, शब्दांत फारसा फरक नव्हता. त्याला शिव्या द्यायचा तिला अधिकारच नव्हता.

"न्हाई," ती म्हणाली.

हणमंतराव काही बोलू लागले तसा छायाबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना मागे ओढलं.

सारिका उठली आणि नर्सच्या टेबलाशी गेली. बाळाच्या नोंदीचा फॉर्म तिथे कोराच पडला होता. असे फॉर्म तिने पाचएक हजार तरी भरले असतील. डोळे मिटून भरता येतील असे. 'कुटुंबात हृदयविकाराने झालेले मृत्यू' या रकान्यात तिने नेहमीच्या सुवाच्य अक्षरात पणजोबांचं नाव लिहिलं, चुलत आजोबांचं लिहिलं, आजोबा संभाजी मुळीक, वय एक्केचाळीस, असं लिहिलं. वडिलांचा खरा अंक त्याच्या रकान्यात लिहिला. मृत्यूंच्या रकान्यात अजून एक ओळ उरली होती. नर्सला वाटलं, ताईंना आता पुढे लिहवणार नाही, म्हणून तिने पेन घ्यायला हात पुढे केला. सारिकाने तो दिला नाही.

आई, तिने लिहिलं. स्वराली सुजित साळुंखे. वय एकवीस.